घाटाच्या पायथ्याशीच उतरा

शनिवारी सकाळी पसरणी घाटात गाड्यांची जी रांग लागते, ती सगळी वाईतून वर गेलेली असते. पुण्या-मुंबईची कुटुंबं सुरूर फाट्यावर महामार्ग सोडतात, वाईत पेट्रोल भरतात, फार तर ढोल्या गणपतीला हात जोडतात आणि पाचगणीच्या खोलीचे आगाऊ भरलेले पैसे वसूल करायला घाट चढू लागतात. कृष्णेचे घाट, मेणवलीचा वाडा, धोमचं देऊळ सगळं मागे राहतं. रविवारी संध्याकाळी तीच रांग खाली उतरते. मुलं मागच्या सीटवर पेंगलेली, आजीचे गुडघे आखडलेले आणि सुट्टीतले पाच-सहा तास ब्रेकवर पाय ठेवून गेलेले.

सुट्टी परवडेनाशी झाली, अशी तक्रार घरोघरी आहे. पण पैसा नेमका कशावर जातो ते मांडून पाहिलं, तर जवळजवळ सगळा खोलीवर आणि गाडीवर जातो. या दोन्ही गोष्टी तालुक्याच्या गावी निम्म्याहून कमी पैशात मिळतात. ती गावं गरीब म्हणून तिथे स्वस्ताई आहे, असं समजण्याचं कारण नाही. तिथली एसटी, लॉज, खाणावळ आणि बाजार हे मुळात पर्यटकासाठी उभे राहिलेलेच नाहीत. कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, औषध कंपनीचा एमआर, लग्नाचे पाहुणे, तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचे नातेवाईक या गिऱ्हाइकांवर ती व्यवस्था चालते. त्यांना परवडेल तोच दर. कुटुंबानं दोन दिवस जायचं ते या चालत्या व्यवस्थेत पाहुणा म्हणून. आणि सरकारला अशा सहलींना हातभार लावायचा असेल, तर पैसा याच व्यवस्थेत घालावा लागेल. सध्या तो भलतीकडे चालला आहे.

आधी एसटीचा हिशेब मांडू. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एका टप्प्याला १० रुपये ५ पैसे पडतात. पुणे-वाई अंतर साधारण ९० किलोमीटर, म्हणजे १५ टप्पे, दीडशेच्या आसपास रुपये. आता घर धरा: नवरा, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांची आजी. नवऱ्याचे दीडशे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून बायकोचे पंचाहत्तर. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचे पंचाहत्तर. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, म्हणून आजीचं शून्य. तीनशे रुपयांत चौघं वाईत, जाऊन-येऊन सहाशे. हेच घर गाडीनं गेलं तर १८० किलोमीटरला लिटरमागे १५ धरून १२ लिटर पेट्रोल, म्हणजे बाराशेच्या वर, टोल वेगळा.

या सवलतींतल्या खाचाखोचा आधी माहीत असाव्यात. ६५ ते ७५ वयाच्या आजोबांना अर्धं तिकीट लागतं आणि वयाचा पुरावा कंडक्टर मागतो, त्यामुळे आधार कार्ड बॅगेच्या तळाशी नको, खिशात हवं. मुलगा तेरा वर्षांचा झाला की पूर्ण तिकिटावर जातो, त्याच वयाची बहीण मात्र महिला सवलतीत अर्ध्यावरच राहते. मग भावंडांचं भांडण होतं, ते होऊ द्यावं. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या गाडीत हद्दीच्या पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास लांबचा पल्ला मारणाऱ्यांसाठी ठीक आहे. त्यात प्रौढ आणि मुलं एवढेच दोन दर आहेत, म्हणून आजीला आणि बायकोला घेऊन जवळच्या गावी निघालेल्याला तो महागच पडतो.

अर्ध्या तिकिटाचा हा निर्णय महिला कल्याणाच्या खात्यात मोजला जातो, आणि त्याचा भार राज्य सरकार एसटीला प्रतिपूर्ती म्हणून देतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांत राज्यानं घेतलेला पर्यटनाचा सगळ्यात मोठा निर्णयही हाच आहे, फक्त पर्यटन खात्याला त्याचा पत्ता नसावा. आई, मुली, आजी, मावशी एकत्र निघाल्या, तर त्यांचा प्रवास कुठल्याही मोटारीपेक्षा स्वस्त पडतो. मात्र उतरल्यावर पुढे काय, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

तालुक्याच्या गावापर्यंत पोचणं सोपं. घोळ होतो तो तिथून पुढच्या दहा-वीस किलोमीटरमध्ये. याचं कारण एकदा कळलं की निम्म्या अडचणी टळतात. खेड्याची फेरी गावकऱ्यांच्या दिवसाप्रमाणे आखलेली असते. रात्री मुक्कामी गाडी खेड्यात थांबते, पहाटे तिथून निघून दूधवाल्यांना आणि कॉलेजच्या पोरांना तालुक्याला आणते. दहा-अकराला शाळेची फेरी, दुपारी बराच वेळ काही नाही, मग पाच-साडेपाचला परतीची गर्दी आणि शेवटी पुन्हा मुक्कामी. पाहुणा याच्या उलट्या दिशेनं जातो. सकाळी तालुक्याहून खेड्याकडे जाणारी गाडी जवळजवळ रिकामी असते, जागा हवी ती मिळते. पण देऊळ पाहून दुपारी एकला परत फिरायचं म्हटलं की गाडीच नसते. म्हणून जाताना एसटीनं जावं आणि येताना वडापची, म्हणजे माणसं भरून खासगी फेऱ्या मारणारी, जीप किंवा ठरवलेली रिक्षा धरावी. उलट केलं तर ऊन डोक्यावर असताना फाट्यावर दोन तास काढावे लागतात.

मे महिन्यात यात आणखी एक भर पडते. शहरातल्या मुलांना सुट्टी लागते तेव्हा खेड्यातल्या शाळाही बंद असतात आणि शाळेसाठी सोडलेल्या फेऱ्या त्या काळात रद्द होतात. मागास तालुक्यांत मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या ज्या निळ्या गाड्या धावतात, त्याही शाळेच्याच वेळापत्रकाला बांधलेल्या. भिंतीवर रंगवलेल्या फलकात ती फेरी असते, प्रत्यक्षात येत नाही. चौकशीच्या खिडकीवर ‘गाडी किती वाजता?’ एवढंच विचारलं तर फलकावरची वेळ सांगतात. ‘आज सुटणार का, आणि कुठल्या आगाराची?’ असं विचारावं. आपल्याच आगारातून सुटणारी गाडी बऱ्यापैकी वेळेवर असते, दुसरीकडून येऊन पुढे जाणारी मार्गस्थ गाडी मागच्या गावात अडकलेली असू शकते. लांब पल्ल्याच्या काही गाड्या बाहेरच्या रस्त्यानं निघून जातात आणि गावात शिरतच नाहीत, हेही चढण्यापूर्वी विचारून घ्यावं. वाईपुरतं बोलायचं तर शनिवारी स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी धरण्यापेक्षा वाई आगाराची गाडी बरी. महाबळेश्वरची आरक्षणातच भरलेली असते.

वाईचा दीड दिवस कसा जावा? शनिवारी अकरापर्यंत पोचून खोलीत सामान टाकायचं. दुपारचं ऊन उतरलं की घाटावर. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. बहुतेक लोक मूर्ती पाहून परत फिरतात. देवळाच्या मागे जावं. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, कारण देऊळ नदीच्या पात्राला लागून आहे आणि पुराचं पाणी त्या धारेवर दुभंगून दोन बाजूंनी निघून जावं अशी योजना आहे. पुलाच्या खांबाला पाण्याच्या बाजूनं टोक का असतं, हे मुलाला पुस्तकातून समजवायचं की त्या भिंतीला हात लावून, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शेजारी काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदी आहे. मग गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी असे घाट एकापुढे एक चालत जाता येतात. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर आळीपाळीनं चालतो, तेव्हा एका घाटाचा उत्सव संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा मांडव पडतो. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला.

रविवारी सकाळी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, आजी सोबत नसेल तर चालत जावं. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मागे घाट आणि घाटावरच्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर मराठ्यांनी तिथल्या चर्चच्या घंटा आणल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ साल आणि मेरी-येशूची आकृती आहे. मुलांना आधी काही न सांगता नुसतं ‘या घंटेवर काय दिसतंय?’ असं विचारावं. पुढचा अर्धा तास सांगण्यात जातो. वाड्याची मालकी खासगी आहे, आत जायला तिकीट लागतं आणि डागडुजीच्या काळात काही भाग बंद असतो. तिथून रिक्षानं धोम: नरसिंहाचं आणि शंकराचं देऊळ, आणि दगडी कमळाच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. रिक्षावाल्याशी मेणवली, धोम आणि थांबण्याचा वेळ असं एकत्रच ठरवावं. एकेका फेरीचं ठरवलं तर दीडपट होतं.

एक इशारा. नदीवरचे घाट दिसायला निरुपद्रवी वाटतात, पण पाण्याजवळच्या तीन-चार पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि वर धोमचं धरण आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढवला की पाणी बघता बघता चढतं. मुलांना ओल्या पायरीच्या वरच थांबवावं, फोटोसाठीसुद्धा खाली सोडू नये.

दीड दिवसाचा खर्च असा. एसटी सहाशे, तीन खाटांची बरी खोली बारा ते पंधराशे, वाढीव गादीचे दोनशे, तीन वेळचं जेवण माणशी सव्वाशे-दीडशेनं पंधरा ते अठराशे, चहा-नाश्त्याचे चारशे, रिक्षा सहाशे, तिकिटं आणि किरकोळ दोनशे. पाच हजारांच्या आसपास. जत्रा किंवा लग्नसराई असेल तर खोलीचा आकडा वर सरकतो, बाकीचे फारसे हलत नाहीत.

वाई हे एक उदाहरण, आणि तेही महाबळेश्वरच्या रस्त्यावरचं असल्यानं थोडं महागच. अशी गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. शिरोळ तालुक्यातली नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि खिद्रापूर ही तिन्ही मिळून दोन दिवसांची सुरेख सहल होते. वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, भक्त निवासातली साधी खोली, बासुंदी आणि कवठाची बर्फी. तिथून वीसेक किलोमीटरवर खिद्रापूरचा कोपेश्वर, शिलाहारांच्या काळातला. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताला मधोमध गोल उघडं आकाश. या शिवमंदिरात समोर नंदी नाही, हे मुलांच्याच आधी लक्षात येतं. गुरुवार, शनिवार आणि पौर्णिमा टाळली तर वाडीत खोली सहज मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये नदीचं पाणी देवळात येतं, ते दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं त्या ‘दक्षिणद्वार’ सोहळ्यासाठी भाविक मुद्दाम तेव्हाच जातात. पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन पुराच्या बातम्या सुरू असताना तिकडे जाऊ नये. २०१९ चा पूर या भागानं पाहिलेला आहे.

खटाव तालुक्यातलं औंध त्याहून लहान. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्पही. राज्य सरकारची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढणाऱ्यांनी संग्रहालय तिसऱ्या दिवसावर ठेवलं की हमखास कुलूप. सिन्नरला नाशिकहून तीसेक किलोमीटरवर गोंदेश्वराचं पंचायतन आहे. येवल्यात पैठणीचे माग आणि, डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा केली ती मुक्तिभूमी. नळदुर्गच्या किल्ल्यात १६१३ मधला पाणीमहाल: बंधाऱ्याच्या पोटात खोल्या आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून कोसळणारं पाणी. सावंतवाडीत मोती तलाव, चितार आळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. यांपैकी एकाही ठिकाणी रिसॉर्ट लागत नाही.

लॉज निवडताना मात्र रिसॉर्टच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. तालुक्याचे पुष्कळ लॉज ॲपवर नसतात, किंवा असले तरी तिथला दर दलाली धरून असतो. नकाशावरून नंबर काढून थेट फोन करावा आणि सगळं एकदाच विचारून घ्यावं. चोवीस तासांची पद्धत आहे की दुपारी बाराला खोली सोडायची? सकाळी अकराला पोचणाऱ्याला चोवीस तासांचा लॉज फार सोयीचा. गरम पाणी किती ते किती? बहुधा सहा ते नऊ, आणि सोलर असेल तर ढगाळ दिवसात कोमटच. खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट असेलच असं नाही. कमोड आहे का, खिडकीला डासांची जाळी आहे का? खोली स्टँडच्या बाजूची नको, पहाटे पाचपासून हॉर्न सुरू होतात. आणि फोन करण्याआधी पंचांगात लग्नतिथी पाहावी. दाट तिथीला तालुक्यातले सगळे लॉज वऱ्हाडानं भरलेले असतात, कितीही पैसे दिले तरी खोली मिळत नाही. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ टक्के होता. साध्या पावतीवरही कुणी जुना दर लावत असेल, तर पावती नीट वाचावी.

बाई एकटी मुलांना घेऊन आली की काही लॉजवाले ‘जेंट्स नाहीत का सोबत?’ म्हणून खोली नाकारतात. कायद्यात असं कुठलंही बंधन नाही. सज्ञान व्यक्तीचं ओळखपत्र पुरेसं आहे. पण रात्री आठ वाजता काउंटरवर कायदा सांगत बसायला कुणाला वेळ असतो? म्हणून अशा वेळी फोनवरच स्पष्ट विचारून घ्यावं. बायकांना अर्ध्या तिकिटात तालुक्यापर्यंत आणून सोडणाऱ्या सरकारनं लॉजच्या दर्शनी भागात या बाबतीतली एक ओळीची सूचना लावायला सांगणं काही कठीण नाही.

जेवणाचं वेळापत्रकही गावाचं असतं. खाणावळ साडेअकराला सुरू होते, तीनला आवरते, संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा उघडते. मध्ये फक्त चहा, वडा आणि भेळ. रविवारी संध्याकाळी बऱ्याच खाणावळी बंद. चारला भूक लागणाऱ्या मुलांसाठी सकाळीच बाजारातून केळी, पेरू, शेंगा घेऊन ठेवाव्यात. आठवडी बाजाराच्या दिवशी पोचलात तर उत्तम, पण त्या दिवशी संध्याकाळच्या खेड्याच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या दिवशी गावातच राहावं.

पाण्याबद्दल मात्र थोडं कठोर बोललं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या आणि दुष्काळी पट्ट्यातल्या कित्येक गावांत नळाला आठवड्यानं पाणी येतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. अशा महिन्यात तिथल्या लॉजमध्ये चौघांनी दोन-दोन वेळा अंघोळ करणं म्हणजे गावाच्या टँकरमधला वाटा उचलणं. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी, हत्तीखाना लेणी, दासोपंतांच्या पासोडीची, म्हणजे कापडावर लिहिलेल्या ग्रंथाची, परंपरा असं मोठं वैभव आहे; तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. उन्हाळ्यात कोकण किंवा कृष्णाकाठ. स्वस्त सहलीचा भार दुसऱ्याच्या हंड्यावर पडू नये.

आता सरकारी पैशाबद्दल. प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून आणि जिल्हा नियोजन समितीतून लहान गावांनाही निधी येतो. तो कशावर खर्च झाला, हे गावात शिरतानाच दिसतं: ‘आय लव्ह अमुक’ अशी लाल बदामाची अक्षरं, सेल्फी पॉइंट, रंगीत दिव्यांचं कारंजं, सिमेंटची कमान. कारंजं वर्षभरात बंद पडतं आणि त्याच्या टाकीत डास होतात. उतारूला लागतं ते यांतलं काहीच नाही. त्याला बायकांसाठी स्वच्छ, पाणी आणि दिवा असलेलं स्वच्छतागृह हवं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बॅग ठेवायला स्टँडवर कुलूपबंद जागा हवी. आसपासच्या खेड्यांच्या फेऱ्यांचा चालू महिन्याचा फलक हवा. दुपारी झाडाखाली बसता येईल अशी बाग हवी. नगरपरिषदांच्या बागा नेमक्या दुपारी कुलूपबंद असतात.

नगरपरिषदेच्या लोकांना हे कळत नाही, असं मुळीच नाही. अडचण निधीच्या जातीत आहे. योजनेतून पैसा येतो तो बांधकामाला. कमान एकदा उभी केली की तिला रोज पाणी, फिनेल आणि माणूस लागत नाही. स्वच्छतागृहाला लागतो, आणि तो खर्च नगरपरिषदेच्या स्वतःच्या तुटपुंज्या उत्पन्नातून निघावा लागतो. म्हणून प्रस्ताव कमानीचा जातो. स्वच्छतागृह बांधलंच तर वर्षभर चालतं, मग मोटर जळते, नळ चोरीला जातात, दाराची कडी तुटते आणि एक दिवस कुलूप लागतं. कुलूप लागलेल्या स्वच्छतागृहांच्या गावात बायका सकाळपासून पाणी न पिता फिरतात. शहरातल्या ‘राइट टू पी’ चळवळीनं ही गोष्ट मुंबईत वेशीवर टांगली, तालुक्याच्या स्टँडवर ती अजून कुजबुजीतच आहे.

उपाय अवघड नाही, पण निधीचा नियम बदलावा लागेल. पर्यटनाच्या प्रत्येक मंजुरीत बांधकामाबरोबर पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम बांधून द्यावी आणि ती दर महिन्याला, काम पाहून, मिळावी. देखभाल स्थानिक बचत गटाला दिली तर स्टँडवर चहा-नाश्त्याची टपरी, बॅगा ठेवायची खोली आणि स्वच्छतागृह ही तिन्ही कामं एकाच गटाच्या हाती राहतील, आणि टपरीच्या गल्ल्यामुळे माणूस दिवसभर जागेवर असेल. नुसत्या स्वच्छतागृहाला माणूस टिकत नाही, असा सगळीकडचा अनुभव आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाकडे लोक स्वच्छतेसाठी बोट दाखवतात. तिथे महागडी यंत्रं शोधू नयेत, पाळ्या लावून काम करणारे सेवेकरी पाहावेत.

सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहं हा दुसरा झाकलेला ठेवा. बहुतेक तालुक्यांत ती आहेत, गावातल्या सगळ्यात चांगल्या जागी, मोठ्या झाडांखाली. पहिला हक्क मंत्री, लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांचा, ते ठीक. पण शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ज्या खोल्या कुणी मागितलेल्या नसतील, त्या शनिवार-रविवारसाठी कुटुंबांना वाजवी दरात खुल्या कराव्यात. अधिकारी शनिवारी घरी असतात आणि कुटुंबं शनिवारी बाहेर पडतात, याहून सोयीचा योग सरकारला कुठे मिळणार?

यावर एक आक्षेप गंभीर आहे. पाहुणे वाढले की भाव वाढतात, वाडे पाडून हॉटेलं होतात आणि गावाचं लोणावळा होतं. ही भीती खरी आहे, किनाऱ्यावरच्या काही गावांनी ती भोगली आहे. पण ते कसं घडलं पाहा. तिथे माणसं गाडीनं आली, रिसॉर्टच्या आवारात उतरली आणि तिथूनच परत गेली. बाजार, खाणावळ, रिक्षा यांच्याकडे त्यातला पैसा थोडाच वळला, जमिनीचे भाव मात्र चढले. एसटीनं आलेलं कुटुंब गाडी लावायला जागा मागत नाही आणि त्याचे पाच हजार पाच-सहा हातांत वाटले जातात. म्हणून परवानग्या देताना नगरपरिषदांनी जुन्या वाड्यात चार खोल्या काढणाऱ्याला झुकतं माप द्यावं, गावाबाहेर पन्नास खोल्यांच्या आवाराला नव्हे. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना त्यासाठीच आहे. तिची माहिती वाड्यांच्या मालकांपर्यंत पोचवायला नगरपरिषदेनं एक माणूस नेमला तरी पुरे.

‘मुलांना कंटाळा येईल’ हा दुसरा आक्षेप, तो बहुधा मोठ्यांच्याच कंटाळ्याचा असतो. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही.

नगरसेवकांसाठी एक छोटं काम सुचवतो. एका शनिवारी, शेजारच्या तालुक्यातून एसटीनं, घरातल्या बाईमाणसासह आणि एका जड पिशवीसह आपल्याच गावच्या स्टँडवर उतरावं आणि दोन तास तिथेच काढावेत. ओळखीच्या दुकानात पिशवी ठेवायची नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. वेळ संध्याकाळी साडेसहाची घ्यावी. सकाळी झाडलोट झालेली असते आणि दिवे लागतात की नाही ते कळत नाही.